फियॉर्डमध्ये संध्याकाळी कयाकिंग: पोहता न येणाऱ्या साठीच्या बाईने जावं का?

भूगोलबाई_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, धरमपेठेत राहते. ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लेक आणि जावई नॉर्वेत बर्गनला असतात. जूनच्या शेवटी मी तिकडे जाते आहे आणि दोघांनी मला न विचारता एक संध्याकाळ ठरवून टाकली आहे: नॅरॉयफियॉर्ड नावाच्या अरुंद फियॉर्डमध्ये कयाक वल्हवायची, तीन तास, गाइडसोबत. "आई, पाणी तिथं आरशासारखं असतं, तू फक्त बसायचं." फक्त बसायचं म्हणून मला यापूर्वी वैष्णोदेवीच्या घोड्यावरही बसवलं होतं, म्हणून इथे विचारते.

"नॉर्वेचा किनारा दंतुर आहे, कारण..." हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. हिमनदीने कोरलेली 'यू' आकाराची दरी, तीत शिरलेला समुद्र, झाला फियॉर्ड. पोरांनी उत्तरपत्रिकेत 'फोर्ड' लिहिलं की मी अर्धा गुण कापायची. आता लेक सांगते की तिथले लोक 'फ्यूर' म्हणतात, शेवटचा ड उच्चारतच नाहीत. म्हणजे अर्धा गुण माझाही गेला. तर जी जागा जन्मभर नकाशावर छडीने दाखवली ती पाण्यावरून पाहायला मिळते आहे, जाऊ नये असं मुळीच वाटत नाही.

पण भीती आहे. आठवीत असताना पवनीजवळ मामाच्या गावी वैनगंगेत आमचा डोंगा कलंडला होता. कंबरभर पाणी होतं, कुणाला काही झालं नाही, पण त्यानंतर मी कंबरेच्या वर पाण्यात गेले नाही. पोहता येत नाही म्हटलं तरी चालेल. उजवा गुडघा कुरकुरतो. आणि हा फियॉर्ड ज्या सोग्नेफियॉर्डचा फाटा आहे तो १३०८ मीटर खोल आहे, हे मीच पोरांना पाठ करायला लावलेलं.

अंधाराचं विचारत नाही, ते मी काढलं. बर्गन ६० अंश उत्तरेला. जूनच्या शेवटी तिथे मध्यरात्रीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली जेमतेम ६ अंश जातो, सूर्यास्तच रात्री अकराच्या पुढे. त्या दिवशी नागपुरात सातला दिवेलागण झालेली असेल. मला हवं आहे ते पुस्तकात नसलेलं. वारा सुटला तर? पडले तर? गुडघ्याचं काय? आणि घालायचं काय, सलवार-कुर्ता चालेल का हेही प्रामाणिकपणे विचारते, हसू नका.

प्रतापनगर_ते_बर्गन

बाई, हसलो नाही. (थोडं हसलो.) मी बर्गनला चार वर्षं होतो, आता परत नागपूरला आहे. नॅरॉयफियॉर्डमध्ये तीनदा वल्हवलं आहे, दोनदा शहाण्यासारखं आणि पहिल्यांदा मूर्खासारखं.

आधी मूर्खपणा सांगतो, कारण तुमच्या वाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. जुलैतली लख्ख दुपार, दोन वाजता मी आणि एक मित्र गुडवांगेनहून निघालो. गुडवांगेन म्हणजे फियॉर्डचं आतलं टोक. ऊन पडलं की जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि समुद्राकडची थंड हवा दरीतून आत खेचली जाते. दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे वाऱ्याला दुसरी वाटच नाही, तो नळीतून फुंकल्यासारखा येतो. आम्ही त्याच्या तोंडावर वल्हवत होतो. तीन किलोमीटरला दीड तास लागला आणि खांदे गेले. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त त्रास सर्वात सुंदर ऊन असलेल्या दिवशीच होतो. संध्याकाळी जमीन निवली की हा वारा आपोआप पडतो. लेकीने संध्याकाळ निवडली ती फोटोसाठी असेल, पण निवड बरोबर आहे. अर्थात ढगाळ, वादळी हवामान आलं तर हे गणित लागू नाही, तेव्हा गाइड स्वतःच रद्द करतो.

कयाक दोघांची मागा. रुंद असते, एकट्याच्या कयाकपेक्षा खूपच स्थिर. आतल्या बाजूला पाय टेकवायला पेडल असतात, ती आपल्या उंचीप्रमाणे मागेपुढे सरकवतात. गुडघा थोडा वाकलेला आणि बाजूला टेकलेला राहायला हवा, ताणलेला नको. चढताना त्रास होईल, वल्हवताना नाही. किनाऱ्यावर उथळ पाण्यात कयाक गाइड धरून ठेवतो, आधी बूड टेकवायचं, मग पाय आत. उलट केलंत तर वैनगंगा.

आणि हातांनी वल्हवू नका. कंबरेतून वळा, जात्यावर दळताना वळतो तसं. हातांनी ओढणारा माणूस वीस मिनिटांत थकतो.

कपडे: सुती काहीही नको, एकदा ओलं झालं की वाळत नाही आणि थंडी धरून ठेवतं. आतून लोकरीचं किंवा सिंथेटिक, वरून ते लोक वेटसूट किंवा ड्रायसूट देतात. एक नाजूक पण महत्त्वाची गोष्ट: सूट चढवण्यापूर्वी बाथरूमला जाऊन या. नंतर तो काढणं म्हणजे लग्नातली नऊवारी एकटीने सोडवणं.

मोठ्या बोटीच्या लाटा येतात. घाबरून कयाक आडवी करायची नाही, नाक लाटेकडे वळवायचं आणि वल्हवत राहायचं. वल्हं पाण्यात असेल तोवर ती तिसऱ्या पायासारखी टेकण असते.

खोलीचं म्हणाल तर १० फूट असो की १००० मीटर, लाइफ जॅकेट तुम्हाला तितकंच वर धरतं. आणि जॅकेट घालायचं की नाही हा प्रश्नच नाही. २०१५ पासून तिथे ८ मीटरपेक्षा लहान बोट चालू असताना ते अंगावर असणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

तर्री_जास्त

मॅडम, इथं नवतपा चालू आहे, ४५ डिग्री, कूलरमधलं पाणी बी चहासारखं झालं. त्या कूलरसमोर बसून मी वाचून राहिलो की एक बाई थंड पाण्याले भेऊन राहिली. काहून भेता? तुमची सीट मले द्या, मी येतो गुडघ्यासकट.

बाकी खिंडसीले जाऊन या एकदा. रामटेकचं दर्शन होते, बोटीत बसणं होते अन् कंबरेची सवय होते. मी गेल्तो पायडलच्या बोटीत, बायको पायडल मारत होती अन् मी फोटो काढत होतो. त्याच्यापेक्षा शांत पाणी मी पाह्यलं नाही, बायको मात्र अशांत होती.

टँकवाला_मास्तर

वरची थट्टा चालू द्या. मी २२ वर्षं पोहायला शिकवतो आहे, म्हणून थोडं कडू बोलतो.

प्रतापनगरकर, तुम्ही छान लिहिलंत, पण मुख्य गोष्ट राहिली. 'शांत पाणी' आणि 'सुरक्षित पाणी' हे दोन वेगळे शब्द आहेत. त्या फियॉर्डच्या पाण्याचं तापमान उन्हाळ्यातही साधारण १५ अंशांच्या आसपास, बर्फाचे ओढे मिळतात तिथे त्याहून कमी. इतक्या थंड पाण्यात अचानक पडलं की पहिल्या क्षणी शरीर आपोआप जोरात श्वास आत ओढतं. आपण ठरवून नाही, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. चांगले पोहणारे यातच फसतात. गारठून बेशुद्ध पडायला बराच वेळ लागतो, धोका पहिल्या मिनिटाचा असतो. ते मिनिट काही करायचं नाही, हातपाय मारायचे नाहीत, जॅकेटवर पाठ टाकून तोंड वर ठेवायचं आणि श्वास ताब्यात येईपर्यंत मोजत राहायचं. मिनिटभरात तो येतो. मग पुढचं.

दुसरं, कंबरेभोवती जो रबरी घागरा लावतात, पाणी आत येऊ नये म्हणून, त्याला समोर एक फीत असते. कयाक उलटली तर ती पुढे खेचायची की घागरा सुटतो आणि तुम्ही बाहेर. ज्यांनी ही फीत जमिनीवर बसून डोळे मिटून पाच वेळा ओढली नाही त्यांनी घागरा लावू नये, असं माझं मत.

बाई, तुमच्या हातात महिना आहे. पोहायला शिकू नका, तेवढ्यात होणार नाही. तरंगायला शिका. सकाळी सहाला टँकवर या, जॅकेट घालून पाण्यात मागे पडायचं, पाठीवर राहायचं, पुन्हा पडायचं. दहा दिवस पुरतात. वैनगंगेतली भीती डोक्यात नाही, नाकात बसलेली असते. नाकात पाणी गेलं आणि काही झालं नाही, हे नाकाला कळायला हवं.

प्रतापनगर_ते_बर्गन

मास्तर, मान्य. घाग्र्याबद्दल थोडा मतभेद: दोघांच्या कयाकचा घागरा सैल असतो, पडणाऱ्याच्या वजनानेच बहुतेक वेळा निघतो. पण फीत ओढण्याचा सराव करून घ्या हे शंभर टक्के. आणि गाइड तो करून घेत नसेल तर त्याच्यासोबत जाऊ नका.

तर्री_जास्त

मास्तर, तुम्ही म्हणता ते खरं, पण आमच्या टँकमध्ये मे महिन्यात पडलं तर माणूस शिजते. १५ डिग्रीची प्रॅक्टिस कुठं करावं?

टँकवाला_मास्तर

जानेवारीत पहाटे पाचला गच्चीवरच्या टाकीचं पाणी डोक्यावर घ्या, तेच ते. आत्ता उशीर झाला. बाईंना पडायची सवय इथे होईल, थंडीची तिकडे.

भूगोलबाई_नागपूर

मंडळी, जाऊन आले. जुलैचा दुसरा आठवडा आहे, बाहेर शेवटी पाऊस आहे, आणि ज्यांनी इतकं लिहिलं त्यांचं देणं फेडायला बसले आहे.

मास्तरांचा सल्ला ऐकला. टँकवर अकरा दिवस गेले. पहिले चार दिवस मी शिडी सोडली नाही. पाचव्या दिवशी आठ वर्षांच्या एका मुलीने "आजी, मी धरते" म्हणून हात पुढे केला, तेव्हा लाजेने पडले. नाकात पाणी गेलं. काही झालं नाही. नाकाला कळलं.

आता तिकडचं. गुडवांगेनला आम्ही चारला पोहोचलो तेव्हा पाण्यावर चांगल्या सुरकुत्या होत्या आणि झेंडा फडफडत होता. मी जावयांना म्हटलं, हा पडेल. सहाला खरंच पडला. मी प्रतापनगरकरांचं नाव न घेता ते ज्ञान माझं म्हणून खपवलं, माफ करा.

एक गोष्ट मात्र मी माझ्या गणितात चुकले होते. सूर्यास्त अकराला, हे क्षितिजाचं गणित. तिथे क्षितिजच नाही! दोन्ही बाजूंना भिंती, मागे १७०० मीटरपर्यंत गेलेले डोंगर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, आणि ते सगळंच्या सगळं पाण्यातून उभं केल्यासारखं. त्यामुळे पाण्यावरचं ऊन आम्ही निघालो तेव्हाच गेलेलं होतं. समोरच्या भिंतीवर उन्हाची एक रेघ होती आणि ती हळूहळू वर चढत होती. अंधार मात्र शेवटपर्यंत झाला नाही. सावलीत राहून उजेड असणं, हे नागपूरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. आपल्याकडे जिथं उजेड तिथं चटका.

गाइड पंचविशीतली मुलगी. तिने घाग्र्याची फीत जमिनीवर सगळ्यांकडून ओढून घेतली. मी न सांगता डोळे मिटले, तिने अंगठा दाखवला. मास्तर, तो तुमचा.

दोघांच्या कयाकमध्ये मी पुढे, जावईबापू मागे. मागचा पायाने सुकाणू फिरवतो, पुढच्याने ताल धरायचा असतो आणि मागच्याने तो पाळायचा. पहिली पंधरा मिनिटं आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती, दर वेळी ते "सॉरी आई" म्हणत होते. शेवटी मी पीटीच्या तासासारखं "एक-दोन, एक-दोन" मोठ्याने सुरू केलं आणि बोट सरळ झाली. लेक एकटीच्या कयाकमधून हसत होती. सासू पुढे बसून हुकूम देते आणि जावई मागून निमूट पाळतो, याला व्हिडिओ पुरावा आहे.

कंबरेतून वळणं जमलं. पण वल्हं उचललं की पाणी दांडीवरून ओघळत थेट बाहीत शिरतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यासाठी दांडीवर रबरी चकत्या असतात, माझ्या खूप आत सरकल्या होत्या. कोपरापर्यंत बर्फ.

पाऊण तासाने मी वल्हं आडवं ठेवलं आणि नुसती बसले. धबधबे सगळीकडे. पण ते डोंगराच्या मध्यावरूनच पडतात, तळाशी वाहत येऊन मिळत नाहीत. अहो, लोंबती दरी! मुख्य हिमनदीने आपली दरी खोल खरवडली, बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढं जमलं नाही, म्हणून त्यांच्या दऱ्यांची तोंडं वरच लटकत राहिली. ही आकृती मी फळ्यावर खडूने काढायची आणि पोरं जांभया द्यायची. मी मागे वळून जावयांना शिकवायला लागले. त्यांनी जांभई दिली नाही, पण मागे बसलेल्याचं तोंड दिसत नाही, तेव्हा नक्की सांगता येणार नाही.

मग पाणी चाखलं. बोट बुडवून जिभेवर ठेवलं. समुद्र आहे ना हा? मिठाचा अंश होता, पण भाजीत मीठ विसरल्यावर वरून चिमूट टाकावी तेवढाच. बर्फ वितळून येणारं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर थर धरून तरंगतं. वरचा थर गोडसर, खाली समुद्र. शिवाय फियॉर्ड आत खोल आणि तोंडाशी उथळ असतो, उंबरठा असल्यासारखा. सोग्नेफियॉर्ड समुद्रापासून २०५ किलोमीटर आत आला आहे. इथून अमरावती ओलांडून मूर्तिजापूरपर्यंत जावं, एवढा समुद्र जमिनीत शिरलेला.

एके ठिकाणी टाळी वाजवली. जवळपास सेकंदाने परत आली. आवाज सेकंदाला ३४० मीटर, जाऊन येऊन, म्हणजे भिंत १७० मीटरवर. हा फियॉर्ड सर्वांत अरुंद जागी २५० मीटर आहे, तेव्हा हिशेब बसतो. लेक म्हणाली, आई, तू सुट्टीवर आहेस.

घाबरले ते एकदाच. तिथल्या प्रवासी बोटी आता विजेवर चालतात. प्रदूषण नाही हे उत्तम, पण आवाजही नाही. मी एका सीलच्या डोक्याकडे बघत होते (उपडी कळशी तरंगावी तसं दिसतं, मग कळशी डोळे उघडते) आणि गाइड ओरडली. मागून बोट गेलेली होती, लाटा येत होत्या. माझं अंग आखडलं, हात थांबले, पवनी डोळ्यांसमोर. जावई मागून म्हणाले, "आई, एक-दोन." मी म्हटलं एक. नाक वळलं, लाटा खालून गेल्या, चार-पाच, आणि संपल्या. मोठं काही नव्हतं. पण वल्हं पाण्यात असलं की टेकण असते, हे तेव्हा खरं वाटलं.

बाक्का नावाच्या गावाजवळ पांढरं लाकडी चर्च दिसतं, तिथे दगडगोट्यांच्या काठावर थांबलो. थर्मासचा चहा, माझा चिवडा, संत्रा बर्फी. गाइडने दोन तुकडे खाल्ले आणि तिच्या डब्यातलं तपकिरी चीज दिलं. चीज कसलं, थोडा खारवलेला पेढा म्हणा. बारीक माश्यांनी मात्र कपाळ फोडलं, वारा नाही म्हणजे त्या आहेत.

परत गुडवांगेनला, काठाजवळ कंबरभर पाण्यात गाइडने विचारलं, कुणाला मुद्दाम उलटून बघायचं आहे? जावई उलटले, फुसफुसत वर आले. मी उलटले नाही, एवढी शूर नाही. पण खाली उतरले आणि सूटसकट मानेपर्यंत बसले. मास्तर, तुम्ही सांगितलेलं अगदी तसंच झालं. छाती बंद. तोंड उघडं आणि शब्द नाही. मोजत होते. अकरा आकडे होईपर्यंत लेकीला "ठीक आहे" म्हणता आलं नाही. पंचवीसला आलं. चाळीसला मी पाठीवर पडले आणि भिंतीच्या वरच्या टोकाला ती उन्हाची रेघ अजून होती. घड्याळात साडेनऊ.

गुडघा: चढताना काही नाही, उतरताना गाइड आणि जावई दोघांनी काखेत धरून काढलं, पोत्यासारखं. सलवार-कुर्ता गाडीतच राहिला.

तर्री_जास्त

मॅडम, व्हिडिओ टाका.

भूगोलबाई_नागपूर

जावयांची परवानगी नाही.